कर्जत ते मुलुंड, नदीमार्गे

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी नाव. आणि पोर्टेज म्हणजे वाटेत पाणी संपले, धबधबा लागला किंवा बंधारा आडवा आला की ती नाव आणि तिच्यातला सगळा संसार बाहेर काढून डोक्याखांद्यावरून पुढच्या पाण्यापर्यंत नेऊन पोचवण्याचा प्रकार. या दोन्ही व्याख्या आरंभीच द्याव्या लागतात, कारण अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील उत्साही मंडळी जेव्हा अशा लांबच्या जलप्रवासाचा बेत आखू लागतात, तेव्हा पहिली बैठक पहिल्या व्याख्येवरच खर्ची पडते. दुसरी व्याख्या सांगितली गेली की मात्र सभासदांचे चेहरे उजळतात. वल्हे हातात धरण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आलेला असतो, परंतु एक प्रवाह सोडून, ओझे सांभाळत, जिने चढून-उतरून दुसऱ्या प्रवाहात शिरण्याचा अभ्यास ते रोज सकाळ-संध्याकाळ दादरच्या पुलावर करत आलेले असतात, आणि तोही पाठीमागून येणाऱ्यांच्या ढकलण्याच्या आधारावर.

या प्रवासप्रकाराचे माहेर कॅनडात आहे. तेथे हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड थरांनी कठीण खडक खरवडून असंख्य खळगे केले, त्यांत पाणी साठून तळी झाली, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधली थोडी जमीन ओलांडली की पुरते, अशी सोय निसर्गानेच करून ठेवली. तेथील मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीची हलकी नाव घडवली, आणि पुढे कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी ती उचलली. अठराव्या शतकात या व्यापारासाठी राबणारे फ्रेंचभाषक नावाडी प्रत्येक पोर्टेजवर सुमारे ४० किलोचे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर घेत आणि त्यांचा भार कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्यावर तोलत. सुपीरियर सरोवराच्या काठचे ग्रँड पोर्टेज हे ठिकाण तर अशा साडेतेरा किलोमीटरच्या चालीसाठीच प्रसिद्ध आहे. मुंबईकर वाचकाला यात विशेष वाटू नये. चाळीसएक डब्यांची लाकडी पाटी डोक्यावर घेऊन डबेवाला अंधेरीच्या फलाटावरून वाट काढतो, मासळीची पाटी घेऊन कोळीण मालडब्यात चढते, आणि या दोघांनाही गाडी सुटायच्या आत हे उरकावे लागते. कॅनडातल्या नावाड्यासाठी सरोवर निदान फलाटावरून हलत नव्हते. त्या इतिहासाकडे उपनगरी माणूस आदराने पाहतो खरा, परंतु दिपून जात नाही.

साष्टीच्या बेटावरही कॅनडासारखी तळ्यांची एक मालिका आहे, ही गोष्ट नियोजनाच्या दुसऱ्या बैठकीत हमखास कोणीतरी मांडतो. तुळशी, विहार आणि पवई हे तीन तलाव एकमेकांपासून फार लांब नाहीत. १८६० साली विहारचे पाणी नळाने मुंबईला पोचले, १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला, आणि १८९० च्या सुमारास पवईची भर पडली. नकाशावर पाहता तीन तळी आणि दोन पोर्टेज असा दोन दिवसांचा देखणा प्रवास तयार होतो. अडचणी किरकोळ आहेत: पहिली दोन तळी पिण्याच्या पाण्याची असल्याने तेथे नाव घालणे निषिद्ध, भोवती राष्ट्रीय उद्यान असल्याने मधल्या पायवाटेवर बिबट्याचा वावर, आणि तिन्ही तळ्यांत मगरी. पिण्याच्या पाण्याचा नियम सभासदांना लगेच पटतो, कारण ते पाणी त्यांच्याच घरी येते. मगरीचा मुद्दा मात्र पवईजवळ राहणारे सभासद, आपली मगर शांत स्वभावाची आहे असे सांगून बराच वेळ लढवतात.

यानंतर प्रत्येक उपनगर आपापली नदी पुढे करते. बोरिवलीकरांची दहिसर नदी तुळशीच्या परिसरात उगम पावून सुमारे १२ किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या आत तिचे रूप खरोखर रम्य आहे. परंतु उद्यानाबाहेर पडल्यावर वर्षातील बहुतेक महिने तिच्यात नाव चालण्याइतके पाणी नसते, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत एकच अखंड पोर्टेज करावे लागेल. अंधेरीकरांची मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटरांवर माहीमच्या खाडीत पोचते, आणि वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. नाव त्या बोगद्यातून न्यायची तर बहुधा हवाई वाहतूक खात्यालाही अर्ज करावा लागेल, अशी शंका निघाल्यावर तो प्रस्ताव मागे पडतो. शिवाय २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीनेच कुर्ला-कलिन्यातील घराघरांत येऊन दाखवले होते, तेव्हा तिच्याकडे उलट भेट देण्यास कोणी उत्सुक नसतो. घाटकोपरला सांगण्यासारखी नदी नाही, आणि म्हणूनच लवादाचे काम घाटकोपरकरांकडे येते. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजूंचे आपणच खरे मध्यवर्ती, असा त्यांचा समज दृढ झाला असून तो पूर्ण चुकीचाही नाही. लवादाचा निकाल ठरलेला असतो: नदी उल्हास.

निकाल शहाणपणाचा आहे. उल्हास राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जतपाशी सपाटीला लागते, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते, तेथून खाडी होऊन ठाण्याच्या उत्तरेला वळसा घालते आणि वसईला समुद्रात शिरते. तिचा एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला असल्याने मुलुंडकराला तत्त्वतः कर्जतहून थेट घरामागच्या मिठागरांपर्यंत पाण्याने येता येते. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात घाटावरून कोसळतात आणि दिवाळीनंतर गोट्यांच्या रांगा होऊन पडतात, परंतु उल्हासला बाराही महिने पाणी असते, आणि त्यामागचे कारण पोर्टेजच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. तिचे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळायचे. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवले, डोंगरातून पलीकडे काढले आणि नळांतून कोकणात सोडून १९२२ पासून भिवपुरीला त्यावर वीज करायला सुरुवात केली. जनित्रे फिरवून सुटलेले ते पाणी उल्हासच्या खोऱ्यात येते. म्हणजे ज्या नदीवर नाव डोक्यावर घेण्याची वेळ येऊ नये म्हणून पाणी हवे, त्या नदीचे पाणीच सह्याद्रीचा कणा ओलांडून वाहून आणलेले आहे. याहून मोठे पोर्टेज कॅनडातही कोणी केले नसेल, असे विधान बैठकीत होते आणि टाळ्यांत मंजूर होते. ते तपासण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

या मार्गाचा खरा दोष भूगोलाचा नसून रेल्वेचा आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आलेला लोहमार्ग घाटाकडे सरकताना साहजिकच नदीच्या खोऱ्यानेच गेला, त्यामुळे कर्जत ते कल्याण हा सारा पट्टा नदी आणि गाडी यांनी शेजाऱ्यासारखा वाटून घेतला आहे. परदेशी ग्रंथांत जलप्रवासाच्या नियोजनाचे पहिले तत्त्व असे सांगितलेले असते की एकदा रान सुरू झाले की माघार नाही, म्हणून प्रत्येक वस्तू विचारपूर्वक घ्यावी. उल्हासच्या काठी मात्र रान जेमतेम दाट होऊ लागते तोच झाडीपलीकडून उद्घोषणा ऐकू येते. रेल्वेने दीड-पावणेदोन तासांत आणि चहाच्या किमतीइतक्या तिकिटात होणारा हा प्रवास नदीने चार दिवसांत का करायचा, या प्रश्नाला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. ज्या मुलुंडच्या गिर्यारोहकांनी आपल्या संस्थेला चक्रम हायकर्स असे नाव आपणहून घेतले, त्या गावात तो प्रश्न फारसा कोणी विचारतही नाही, ही जमेची बाजू.

नाव कर्जतला न्यायची कशी, हे प्रकरण स्वतंत्र अभ्यासाचे आहे. दोन माणसांची कनू सर्वसाधारणपणे ५.२ मीटर लांब आणि ३० किलोच्या आसपास वजनाची असते; उपनगरी गाडीचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. नाव आडवी ठेवली तर ती दोन्ही दारांतून पाऊण-पाऊण मीटर बाहेर येईल आणि पुढच्या स्थानकावर फलाटावरची दोन-तीनशे माणसे आपोआप मागे सरतील, हा उपाय एका सभासदाने गंभीरपणे सुचवला तरी तो रेल्वेच्या कायद्यात बसत नाही. उभी ठेवावी तर छत आडवे येते. मालडब्यात ठेवावी तर भाजीच्या करंड्या, दुधाचे कॅन आणि वर्षानुवर्षे त्याच जागी बसणारी मंडळी यांची संमती लागते, आणि ही मंडळी नावेला नव्हे, नावेसोबतच्या शर्ट-पँटीतल्या माणसांना हरकत घेतात. अखेर हवा भरायची नाव घ्यावी, असा तोडगा निघतो. ती घडी घालून पाठपिशवीत मावते, आणि वजनही निम्म्यावर येते. मात्र तिच्यासोबत पायाने दाबायचा पंप लागतो, आणि पंप कोणाकडे राहिला या एका प्रश्नावर पुढे कोणतीही मोहीम मोडू शकते.

सामानाचे शास्त्र सोपे आणि निर्दय आहे. एक किलोमीटरचे पोर्टेज एका फेरीत झाले तर एक किलोमीटर चालावे लागते. ओझे दोन फेऱ्यांत न्यायचे तर एकदा जाणे, एकदा परत येणे आणि पुन्हा जाणे मिळून तीन किलोमीटर. आणि पाच फेऱ्या लागल्या तर नऊ. हा हिशेब निवृत्त बँक अधिकारी असलेले एखादे काका फळ्यावर मांडून दाखवतात, सर्वांना तो मान्य होतो, आणि लगेच यादी करायला घेतली जाते. यादीत आधी स्टोव्ह, घासलेट, तांदूळ, मुगाची डाळ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, साजूक तूप, चहा, साखर, आले अशा निर्विवाद वस्तू येतात. त्यानंतर ज्याला उपनगरी प्रवासशास्त्रात ‘असू दे’ म्हणतात तो विभाग सुरू होतो. ज्या वस्तूची गरज सिद्ध करता येत नाही परंतु जी नाकारणाऱ्याला पुढे ऐकून घ्यावे लागेल, ती ‘असू दे’ या सदरात जाते: सुतळीचे बंडल, जास्तीची चादर, हवेची उशी, पायपुसणे, ओडोमॉसच्या दोन नळ्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि, काठावर वीज नाही हे सर्वांना ठाऊक असतानाही, एक्स्टेन्शन बोर्ड. किसणीवर वाद होतो. काका ती खोडतात, काकू विचारतात, “अहो, मग कोशिंबीर काय नखांनी करू?” काका पोर्टेजचे सूत्र पुन्हा सांगू पाहतात, काकू त्यांना गेल्या वर्षीच्या अष्टविनायक यात्रेतील त्यांच्या चार जोडी बुटांची आठवण देतात, आणि किसणी यादीत परत येते. पाचव्या फेरीच्या सुरुवातीला, हातात केवळ ती किसणी घेऊन नवव्या किलोमीटरकडे निघालेला माणूस हे या शास्त्राचे फलित होय.

तिथीचा प्रश्न त्याहून अवघड. जून ते सप्टेंबर नदीवर जाण्यात शहाणपण नाही. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर मानतात आणि ती ओलांडली की नदी आपला काठ सोडून थेट रुळांकडे येते. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अशी पाण्यात उभी राहिली, आणि हजारावर प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि गावकऱ्यांनी होड्यांतून व दोर धरून बाहेर काढले. रेल्वेप्रवाशाचा नावेशी संबंध या खोऱ्यात कोणत्या परिस्थितीत येतो, याची ही नोंद कोणत्याही नियोजकाने विसरू नये. पाऊस ओसरला की गणपती येतात, गणपतींनंतरच्या पंधरवड्यात नवे काम काढू नये म्हणतात, मग नवरात्र, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. दिवाळीनंतर थंडी चांगली पडते, परंतु तेव्हा लग्नसराई. फेब्रुवारीपासून शाळांच्या वार्षिक परीक्षांची छाया पडते, आणि उन्हाळ्यात मोहन्याकडच्या पात्रावर जलपर्णी पसरते. उरतात काही रविवार, आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो.

तरीही मार्गाचा आराखडा कागदावर उतरतो, आणि तो वाचनीय असतो. बदलापूरचे बॅरेज हे पहिले मोठे पोर्टेज. तेथे नाव काठाला लावून बांध वळसा घालून ओलांडायचा. पुढे जांभूळ आणि मोहने येथील बंधारे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कित्येक नळांचे मूळ. जलपर्णीचा थर इतका दाट असू शकतो की त्यावर बगळे चालताना दिसतात, आणि त्यातून वल्हे ओढणे म्हणजे ओल्या चटईतून पळी फिरवण्यासारखे. नाव चालत नाही आणि उचलून चालावे तर खाली जमीनही नाही, अशा या अवस्थेची सोय पोर्टेजच्या परदेशी शास्त्रात केलेली आढळत नाही. कल्याणला दुर्गाडीचा किल्ला लागतो. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली, हे आठवून नियोजकांची छाती भरून येते. मात्र त्या वेळी आरमार आणि शत्रू दोघांनाही भरती-ओहोटीचे गणित पाठ होते, आणि येथून पुढे तेच गणित मुलुंडकराला पाठ करावे लागते.

हे गणित कोळ्याच्या घरात मूल चालायच्या आधी शिकते. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जातात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास चढउतार मंदावतो, त्याला भांग म्हणतात. कल्याणहून ओहोटीबरोबर सुटावे, ठाण्याचा अरुंद फाटा पाणी चढते असताना गाठावा आणि ऐरोलीचा पूल भरती उतरण्याआधी मागे टाकावा, अशी साखळी जमली तर प्रवास सुखाचा. परंतु आठ वाजून सतरा मिनिटांची गाडी वीस वर्षे आठ सतरालाच पकडणाऱ्या माणसाला, रोज पन्नास मिनिटे उशिरा येणारे आणि तरीही वेळेवर असलेले वेळापत्रक मनापासून पटत नाही. साखळी चुकली तर मुलुंडच्या बाजूला पाण्याऐवजी चिखलाचे सपाट मैदान उघडे पडते. हा चिखल रोहित पक्ष्यांना फार प्रिय आहे. त्यांच्यासाठीच खाडीचा पश्चिमेकडचा काठ २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याला मान्यता मिळाली. रोहिताचे पाय लांब आणि भार हलका असतो. पाठीवर नाव, हातात पंप आणि पिशवीत किसणी असलेला मनुष्य मात्र गुडघ्यापर्यंत रुततो, आणि मिठागराचा बांध केवळ शंभर हातांवर दिसत असताना सहा तास पुढच्या भरतीची वाट पाहतो.

म्हणूनच शेवटच्या बैठकीत एक सुरक्षा कलम जोडले जाते: भरती चुकण्याची शक्यता दिसल्यास ठाण्यालाच किनाऱ्याला लागून गाडी पकडावी. कलम एकमताने मंजूर होते. त्यावर डोंबिवलीला सासुरवाडी असलेले एक सभासद अशी दुरुस्ती सुचवतात की ठाण्यापर्यंत थांबण्याऐवजी डोंबिवलीलाच उतरल्यास जेवणाचीही सोय होईल. दुसऱ्याला जलपर्णीची धास्ती वाटते, म्हणून तो बदलापूर सुचवतो, जेथे बॅरेजपाशी नाव तशीही बाहेर काढायचीच आहे. एकदा काढलेली नाव पुन्हा पाण्यात घालण्याचे श्रम वाचतात, या युक्तिवादाला काका आपल्या फेऱ्यांच्या सूत्राचा आधार देतात. नेरळकडून परतणारी गाडी रिकामी असते, त्यामुळे बसायला जागा मिळते, असा मुद्दा बोरिवलीकर मांडतात. बसायला जागा या शब्दांवर सभागृहात काही क्षण शांतता पसरते. अखेरची दुरुस्ती घाटकोपरची असते. गाडीची सुरुवातच कर्जतहून होते, तेथे खिडकीची जागा नक्की, आणि फलाटावरचा वडा गरम असताना नाव फुगवण्यात वेळ घालवणे योग्य नाही. इतिवृत्तात ही दुरुस्ती सर्वानुमते मंजूर अशी नोंदलेली असून, त्याखाली वेगळ्या शाईत काकूंनी लिहिले आहे की किसणी घ्यायचीच, डब्यात काकडी किसता येईल.